खापर कुणावर फोडायचं?

आधीच कबूल करून टाकते. खापर फुटलं ते माझ्यामुळेच. त्यामुळे या लेखात ते दुसऱ्या कुणावर फोडायचा प्रश्नच येत नाही.

कडोदऱ्याला चार रस्त्यापासून थोडं आत आमचं रो-हाउस आहे. मुंबई-दिल्ली आणि सुरत-धुळे असे दोन मोठे हायवे जिथे एकमेकांना कापतात तो हा चार रस्ता. रात्रभर ट्रकांचे हॉर्न, सकाळी मिलच्या शिफ्टची गर्दी, आणि भाजीच्या लारीवर गुजराती, हिंदी, उडिया, अहिराणी सगळं एकदम. आमच्या घरी प्लंबर किंवा इलेक्ट्रिशियन फार क्वचित येतो. नळ गळायला लागला की मेन कॉक बंद करून वॉशर बदलायचा. पंखा म्हाताऱ्यासारखा फिरायला लागला की मेन स्विच पाडून अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर बदलायचा. मिक्सर नुसताच घुं घुं करून भांडं फिरत नसेल तर दहापैकी नऊ वेळा खालचा कप्लर झिजलेला असतो. ही सगळी कामं आधी आबा करायचे. मी टॉर्च धरून उभी राहायची. पुढे मी करायला लागले आणि आबा टॉर्च धरून उभे राहायला लागले.

नोकरीही तशीच मिळाली. पलसाण्याच्या बाजूला एका प्रोसेस हाउसच्या लॅबमध्ये मी कापडाचे शेड जुळवते. रंग किती, पाणी किती, तापमान किती, वेळ किती, सगळं वहीत लिहायचं, कारण लॅबमध्ये जे जमलं तेच खाली मशीनवर हजारो मीटर कापडावर जमवायचं असतं. हीच सवय घरी स्वयंपाकात घुसली. हिवाळ्यात सुरतेला पोंक येतो, म्हणजे आपला ज्वारीचा हुरडाच. त्याचं थालीपीठ मी तीन प्रकारे करून पाहिलं आणि तिसरं खरंच चांगलं झालं. बिघडलेल्या खमणातून लोचो जन्माला आला, असं सुरतेत सांगतात. माझं खमण बिघडलं की त्याचं काहीच होत नाही, एवढंही वहीत नोंदवलेलं आहे. शेवभाजीला मात्र इथली शेव आणि आजीचा काळा मसाला, यात प्रयोगाला जागा नाही.

तर आता फळीकडे येते.

मार्चमध्ये मी स्वयंपाकघरात, ओट्याच्या समोरच्या भिंतीवर एक लांब फळी ठोकली. नवीन ड्रिल मशीन घेतलं होतं, हात शिवशिवत होते. भोकं पाडली, गिट्ट्या घातल्या, अँगल बसवले, स्क्रू आवळले. हाताने दाबून पाहिलं, हलली नाही. मग एकेक करत डबे वर गेले आणि शेवटी माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेलं आजीचं खापरही मीच त्या फळीवर ठेवलं, हाताशी असावं म्हणून. ६ एप्रिलला, रामनवमीच्या रविवारी दुपारी, आम्ही जेवत असताना फळी खाली आली.

कारण नंतर भिंत पाहिली तेव्हा कळलं. माझ्या गिट्ट्या लांबीला कमी होत्या. भिंतीचं प्लास्टर साधारण पाऊण इंच जाड. त्यातून आत विटेत गिट्टी जेमतेम अर्धा इंच गेली होती आणि दोन ठिकाणी तर ती विटेत नव्हे, दोन विटांमधल्या भुसभुशीत सांध्यात बसली होती. रिकामी फळी प्लास्टरच्या भरवशावर उभी राहते. वजन आलं की प्लास्टरच सुटून येतं. ड्रिलच्या तोंडातून निघणारी पूड बघत राहायला हवं होतं. पांढरी-करडी पूड म्हणजे प्लास्टर किंवा सांधा, लाल पूड म्हणजे वीट. लाल पूड निघाल्यावर पुढे निदान दीड इंच तरी जायचं, आणि करडीच निघत राहिली तर जागा बदलायची. हे आबांनी मला दहा वेळा सांगितलं होतं. पण टॉर्च धरायला आता आबा नव्हते. डिसेंबरमध्ये ते गेले.

ज्यांनी खापर पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. खानदेशात मांडे करतात, म्हणजे खापरावरची पुरणपोळी. ती लाटून तव्यावर टाकायची पोळी नव्हे. पुरण भरलेला उंडा थोडा लाटून दोन्ही हातांवर घ्यायचा आणि मनगटापासून कोपरापर्यंत फिरवत फिरवत एवढा मोठा करायचा की शेवटी तो हातरुमालासारखा पातळ होतो. मग तो चुलीवर पालथ्या ठेवलेल्या मातीच्या मोठ्या भांड्यावर अलगद सोडायचा. ते भांडं म्हणजे खापर. जळगाव-धुळे-नंदुरबारकडे लग्नात, आणि आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडे हवेतच. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, आमरस आणि मांडे होतात. त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांसाठी घागर भरतात. मातीच्या घागरीत पाणी, तिच्यावर लहान मडकं, त्यावर डांगर म्हणजे खरबूज, शेजारी आंबे आणि सांजोरी. निखाऱ्यावर तूप आणि नैवेद्याचे घास घालून आगारी टाकतात.

यंदाची आखाजी होती बुधवारी, ३० एप्रिल २०२५ रोजी. आबांची पहिली घागर. आणि खापर फुटलं होतं चोवीस दिवस आधी.

त्या खापराची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ आहे. आमचं गाव अमळनेरजवळ. आबा सुरतेला मागावर कामाला आले, मग आजी आली, आणि कडोदऱ्याला स्वतःचं घर झालं तेव्हा आजीने एकच मागणी केली. आबा गावाहून खापर घेऊन निघाले. अमळनेर, नंदुरबार, नवापूर, उकाई-सोनगढ, बारडोली आणि आपलं चलथाण, सुरत-भुसावळ पॅसेंजरमध्ये एवढा सगळा प्रवास ते खापर मांडीवर घेऊन बसले होते. नवापूर स्टेशनाच्या मधूनच महाराष्ट्र-गुजरातची हद्द जाते. तिथे आबा चहाला उतरले नाहीत, कारण मांडीवर खापर होतं. चहाची तलफ असलेल्या माणसाने चहा सोडला, ही आजीच्या दृष्टीने त्या गोष्टीतली सगळ्यात मोठी घटना.

खापराचे सात तुकडे झाले. आई काही बोलली नाही, पप्पा डबे गोळा करायला लागले. आजीने तुकडे बघितले आणि म्हणाली, "फुटनं ते फुटनं. आते काय करशी?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

पहिला उपाय सरळ होता. मामांना फोन केला. आखाजीच्या आधी तिकडच्या बाजारात खापरं येतातच. मामांनी चांगलं बघून घेतलं, पेंढा भरून खोक्यात घातलं आणि रात्रीच्या एका गाडीत पार्सल टाकलं. १८ तारखेला ते आमच्याकडे तीन तुकड्यांत पोचलं. मामांना मी दोन दिवस सांगितलंच नाही. दुसरा उपाय आईने सुचवला. लिंबायत, डिंडोलीकडे आपल्या खानदेशी बायका ऑर्डर घेऊन मांडे करून देतात, छान करतात. एरवी आम्ही आणतोही. आजी म्हणाली, आणा, खायला आणा. घागरीला मात्र घरचा पाहिजे. त्यावर कुणी वाद घातला नाही.

म्हणजे खापराशिवाय मांडे करायचे होते. पार्सलची वाट बघत असतानाच मी वही काढून ठेवली होती.

१३ एप्रिलला पहिला प्रयोग केला, पालथ्या लोखंडी कढईवर. रुमाली रोटीवाले असंच करतात. लेबनॉन-सीरियाकडे साज नावाच्या घुमटासारख्या तव्यावर पातळ रोटी करतात, तेही मी बघून ठेवलं होतं. आमची मोठी कढई घेतली आणि सरळ गॅसच्या शेगडीवर पालथी घातली. मिनिटभरात ज्योत पिवळी झाली आणि कढईच्या कडेखालून बाहेर यायला लागली. शेगडीचा नॉब हाताला चटका बसेल इतका तापला. मी गॅस बंद केला आणि हे इथे ठळक सांगते आहे, कारण असे व्हिडिओ भरपूर आहेत आणि कुणीतरी घरी करून बघेलच. एक भाग गॅस नीट जळायला साधारण पंचवीस-तीस भाग हवा लागते. पालथ्या कढईने शेगडी झाकली की हवेची वाट बंद होते, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला ना रंग ना वास. शिवाय सगळी उष्णता खाली नॉबकडे आणि नळीकडे वळते. हॉटेलवाल्यांची भट्टी वेगळी असते आणि जागा मोकळी. घरच्या शेगडीवर कढई पालथी घालू नका.

मग सगळा संसार गच्चीवर नेला. तीन विटा, लाकडं, त्यावर तीच कढई. मिलमधून साहेबांना विचारून टेंपरेचर गन आणली होती, ती लांबूनच तापमान दाखवते. चकचकीत भांड्यावर ती खोटं बोलते, पण काळ्या लोखंडावर आणि मातीवर बऱ्यापैकी खरं. कढईच्या मधोमध ३०० च्या वर, कडेला १६०. मांड्याचं मधलं जळालं, कडा कच्च्या राहिल्या आणि पुरणातली साखर जिथे बाहेर आली तिथे काळी होऊन चिकटली. लोखंडाला उष्णता लगेच मिळते आणि तितकीच लगेच ते ती पुढे देतं. ज्वाळा डावीकडे गेली की मांड्याची डावी बाजू जळते. माती उष्णता सावकाश घेते, सावकाश सोडते, त्यामुळे खालची ज्वाळा कितीही नाचली तरी वरच्या पोळीला त्याचा पत्ता लागत नाही.

पण त्या दिवसाचं खरं अपयश कढईचं नव्हतं. मांडे कढईपर्यंत पोचतच नव्हते. हातावर घेतले की फाटत होते. मी दुकानातून भारीतला भारी गहू आणला होता, भालचा दाऊदखानी, भौगोलिक मानांकन मिळालेला. आजीने पीठ चिमटीत घेऊन पाहिलं आणि नाक मुरडलं. तो गहू लाडूला आणि लापशीला उत्तम, कारण तो बन्सीसारखा कडक जातीचा. त्याच्या कणकेत जोर असतो पण ताण नसतो. ओढली की ती मागे खेचते, आणखी ओढली की तुटते. मांड्याला रबरासारखी मागे येणारी कणीक नको, ओढू तिकडे येणारी हवी. दुसऱ्या वेळी साधा लोकवन घेतला. हा गहूही मूळचा गुजरातचाच, भावनगर जिल्ह्यातल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेला. म्हणून त्याचं नाव लोक-१, आणि आपल्याकडे त्याचं झालं लोकवन. बारीक दळून आणला आणि आजीच्या जुन्या सुती लुगड्यातून गाळला. कोंड्याचा एकेक कण म्हणजे ताणलेल्या कणकेला लागलेली बारीक सुरी असते, म्हणून वस्त्रगाळ. पुरणाचंही तसंच. डाळीचा एक अख्खा दाणा राहिला की मांडा तिथूनच फाटणार. पुरण दोनदा चाळणीतून काढलं.

वहीतलं शेवटी जमलेलं प्रमाण असं. वस्त्रगाळ पीठ ५०० ग्रॅम, मीठ एक सपाट चमचा, पाणी साधारण ३५० मिली, पण सगळं एकदम नाही. आधी घट्ट भिजवायचं, अर्धा तास झाकून ठेवायचं, मग उरलेलं पाणी हाताने थोडं थोडं मुरवत कणीक आपटून आपटून सैल करायची. शेवटी तेलाचा हात लावून दोन तास विसावा. वाटीतून ती जवळजवळ ओतता यायला हवी. आजीची परीक्षा म्हणजे कणकेचा गोळा बोटांवर ताणायचा आणि पलीकडची बोटं दिसली पाहिजेत. मी आठ वेळा ताणला. आठव्यांदा नखावरचा नेलपेंट दिसला.

खापराचं मात्र अडलेलंच होतं. १८ तारखेला मामांचं पार्सल फुटून आलं आणि २० तारखेला मी आणखी एक शहाणपणा केला. पाण्याचा जुना माठ पालथा घालून चुलीवर ठेवला. खापर म्हणजे तरी काय, मडकंच ना? पाच मिनिटांत ताड असा आवाज झाला आणि माठ आडवा चिरला. वर्षानुवर्षं पाणी प्यालेली माती बाहेरून कोरडी दिसते, पण आत ओल असते. त्या ओलीची वाफ झाली की तिला जायला जागा लागते, ती भिंत फोडून जाते. आता घरात फुटलेल्या मातीचे तीन ढीग झाले.

आवाज ऐकून शेजारच्या बेन त्यांच्या गच्चीवर आल्या. काय चाललंय म्हणून विचारलं. मी अर्धं गुजराती अर्धं रडकं असं काहीतरी सांगितलं. त्या घरात गेल्या आणि त्यांची बाजरीच्या रोटल्याची मातीची तावडी घेऊन आल्या. कठड्यावर ती पालथी ठेवली आणि म्हणाल्या, "तावडी ऊंधी मूको ने!"

मी बघतच राहिले. तावडी सरळ ठेवली की ताटासारखी खोलगट. पालथी घातली की झालाच की छोटा घुमट. आणि ती चुलीवर ठेवण्यासाठीच घडवलेली असते, त्या मातीला विस्तवाची सवय असते. बेन हसून म्हणाल्या, आम्ही तर आख्खं उंधियू उलटं शिजवतो. खरंच आहे, मडकं पालथं घालून वरून विस्तव लावतात, म्हणून तर ते उंधियू. पंधरा दिवस मी इंटरनेटवर बैरुतपर्यंत जाऊन आले आणि उत्तर कठड्यापलीकडे होतं.

त्यांची वापरातली तावडी घ्यायला मन धजेना, माझा रेकॉर्ड बघता. कुंभाराकडून नवी आणली, त्याच्याकडची सगळ्यात मोठी आणि जाड. तरी जेमतेम तेरा इंच. खापर दीड फुटाच्या पुढे होतं. दोन दिवस उन्हात वाळवली. मग तांदळाच्या पेजेचा हात देऊन मंद निखाऱ्यावर तासभर, दुसऱ्या दिवशी पुन्हा तासभर. पेजेतला स्टार्च मातीची छिद्रं बुजवतो. तिसऱ्या दिवशी ज्वाळेवर ठेवली आणि आम्ही सगळे चार पावलं मागे सरकून उभे राहिलो. काही झालं नाही. एवढं सुंदर काही न होणं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

२७ तारखेला रविवारी रंगीत तालीम. ताई वापीहून लेकाला घेऊन आली होती. आजीला मी गच्चीवर खुर्चीत बसवलं. तिचे हात आता थरथरतात. ताणण्याचं काम तिला होत नाही आणि आईने ते कधी शिकलंच नाही, कारण लाटायला आई आणि हातावर फिरवायला आजी, अशी वाटणी पंचवीस वर्षं ठरलेली. म्हणजे तावडी मिळाली, गहू मिळाला, पण हात कुणाचे?

"हात दखाड," आजी मला म्हणाली. मी पुढे केले. तिने अंगठ्या काढायला लावल्या, नखं कापायला लावली, नेलपेंटसकट. मग उंडा माझ्या हातावर ठेवून तिने माझी मनगटं खालून धरली. तिची थरथर माझ्या हातात येत होती, पण दिशा बरोबर कळत होती. मी आत्तापर्यंत ओढत होते. मांडा ओढायचा नसतो. एका हातावरून दुसऱ्या हातावर टाकायचा असतो, त्याच्याच वजनाने तो वाढतो. हे मी वहीत लिहिलं आहे, पण वाचून कुणाला येईल असं वाटत नाही.

तावडी तापली का, हे बघायला मी गन काढली. मधोमध २२०, कडेला १९०. आजीने माझ्याकडे न बघता पिठाची चिमूट तावडीवर टाकली आणि मोजायला लागली. पाचाला पीठ बदामी झालं. "टाक," म्हणाली. मी विचारलं, पाण्याचा शिंतोडा का नाही मारत, तव्यावर आपण मारतोच की. तिने माठाच्या तुकड्यांकडे बोट दाखवलं. तापलेल्या मातीवर थंड पाणी मारायचं नसतं. शिवाय लोखंडावर थेंब नाचून सांगतो, मातीवर तो मुरून जातो, काहीच सांगत नाही. त्यानंतर मी गन पिशवीत ठेवून दिली.

त्या दिवशी चौदातले पाच जमले. ताईचे माझ्यापेक्षा चांगले झाले, हे लिहायला मला आवडत नसलं तरी लिहिते.

आखाजीला मी सुट्टी टाकली. पहाटे उठून कणीक भिजवली, कारण एप्रिलच्या शेवटी दुपारी कडोदऱ्याच्या गच्चीवर तावडी तापवायला विस्तवाची गरज नसते. बेनही आल्या, पुरण चाखून "गळ्युं छे" असा अभिप्राय देऊन गेल्या. गुजराती माणसाने गोड म्हणावं म्हणजे पुरण खरंच गोड होतं, आईने मग रशी जरा जास्त झणझणीत केली. वाऱ्यासाठी पश्चिमेकडून विटा रचल्या. पहिला मांडा फाटला. दुसरा दुमडला. तिसरा मी टाकला आणि तो कडेपर्यंत नीट पसरला, फुगे आले, बदामी ठिपके उठले. आजीने घडी घालायला सांगितली. तेरा इंची तावडीवरचा तो मांडा आमच्या नेहमीच्या मांड्यापुढे मुलाच्या शर्टासारखा दिसत होता. एका कडेला बोट जाईल एवढं भोक पडलं होतं. मी म्हटलं, हा नको, पुढचा घेऊ घागरीला. आजी म्हणाली, हाच. आबांना कधी चांगला मिळालाय? चांगले पाहुण्यांना जायचे, भोकाचा त्यांच्या ताटात.

खाली घागर मांडलेली होती. डांगर, आंबे, सांजोऱ्या, सगळं जागेवर. पप्पा आगारीला बसले आणि निखारे मागितले. मी चिमटा आणि स्टीलची ताटली घेऊन गच्चीवर जायला निघाले तर आजीने थांबवलं. ती आतल्या खोलीत गेली आणि गोणपाटाची एक गुंडाळी घेऊन आली. त्यात आबांनी मांडीवर आणलेल्या खापराचा सगळ्यात मोठा तुकडा होता, तळहाताएवढ्या खोलीचा. मला वाटलं होतं पप्पांनी ते सगळे तुकडे केव्हाच टाकून दिले. गावाकडे शेजारणीकडून विस्तव आणायचा तो अशाच खापरीतून, ताटलीतून नव्हे, असं ती म्हणाली. म्हणजे मी फोडलं नसतं तर निखारे कशात आणले असते, असंही म्हणाली, आणि हसली.

निखारे त्या तुकड्यात आणले. पप्पांनी तूप सोडलं, मांड्याचा घास घातला. धूर सरळ वर गेला. भाच्याने विचारलं की आबांना भोक दिसलं असेल का. कुणी उत्तर दिलं नाही. मग जेवायला बसलो. अकरा मांडे झाले होते, माणसं नऊ होती, आणि आमरस नेहमीप्रमाणे कमी पडला.

दिवाळीत मामा स्वतः आले. चलथाण स्टेशनावर उतरले तेव्हा त्यांच्या मांडीची दोन्ही बाजूंची पँट मातीने लाल झाली होती. खापर शाबूत. मी आता लांब गिट्ट्या आणल्या आहेत, लाल पूड निघेपर्यंत आणि त्यापुढे दोन इंच भोकं पाडली आहेत, फळी पुन्हा बसवली आहे, आणि वर वीस किलो तांदळाचं पोतं ठेवून महिनाभर पाहिलं आहे. तरी आजी म्हणते, फळीवर नको. खापर सध्या तिच्या खाटेखाली आहे, तावडी त्याच्या पोटात.